नव्या ॲम्प्लिफायरची मसलत आणि दिवाणजींवर आलेला वहीम

ज्याचे घरी अनाहत नाद अखंड चालतो आणि ज्यास त्याकामी कोणतेही यंत्र लागत नाही, त्या परमेश्वरास साष्टांग. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे कळले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहू नये ऐसी ताकीद आहे, सबब लिहीत नाही. राज्याचा विस्तार म्हणावा तर तीन खोल्या आणि एक जिना, परंतु लौकिक दूरवर. रेकॉर्डिंगचे राज्य ते. एका खोलीत गाणारे गात, मध्ये जाड काच, आणि काचेपलीकडे ऐकण्याची खोली, तीस दरबार म्हणत. कैलासवासी अप्पासाहेबांनी हे राज्य उभारिले, आणि त्यांचे मागे कन्या सौदामिनीबाईसाहेब गादीवर बसल्या, आणि दरबारात अप्पासाहेबांनी विलायतेहून आणविलेले दोन मॉनिटर स्पीकर होते ते बाईसाहेबांनी जिवापलीकडे जपले. मॉनिटर म्हणजे राज्याचे खबरगीर. आवाज जैसा आहे तैसा सांगावा, गोड करून सांगू नये, कडू असेल तर कडूच सांगावा, हा त्यांचा धर्म. घडविणारा कारखाना कधीच बुडाला होता, त्यामुळे आतला एक ट्वीटर, म्हणजे बारीक उंच स्वर काढणारा लहान स्पीकर, जळाला तरी जगात दुसरा मिळावयाचा नाही. आणि या खबरगीरांचे अंगी स्वतःचे बळ नव्हते. ते बळ पुरविणारे यंत्र ते पॉवर ॲम्प्लिफायर. ते खोटे निघाले तर खबरगीरही खोटे बोलतात, आणि मग राज्यात खरे सांगणारे कोणी उरत नाही.

दरबारात ऐकण्याचे काम विश्रामपंत लिमगावकर यांजकडे. पंतांचा कान ऐसा की तंबोऱ्याची तार जुनी की नवी हे काचेपलीकडून सांगावे. परंतु स्वभाव मोठा संशयी. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे ऐसे समजत, आणि हसला नाही तर जास्त पाणी आहे ऐसे समजत. पंत म्हणत, "अहो, संशय हा आमचा धंदाच आहे. गाणं बरं वाटलं, म्हणून बरं असतंच असं नाही." राज्याचा बाकी सर्व कारभार, खरेदी, पाहुणे, वीज, चहा, हे सर्व दिवाण जयसिंगराव उथळे पाहत. पंत आणि दिवाण एके वर्षी चाकरीस राहिले, एकमेकांचे लग्नात जेविले, आणि पंतांचे संशयातून आजवर सुटलेला मनुष्य म्हणावा तर एक जयसिंगराव. परंतु त्या सालात दिवाणजींचे वागणे पालटले. एकदा हाक मारिली तर वळत नसत, दोनदा मारिली तर दचकत, आणि काही विचारिले तर हसून "बरं बरं" म्हणून निघून जात. पंतांनी हे मनात टिपून ठेविले, आणि बोलिले काही नाही.

मग ऐसे झाले की बैठकीची लावणी गाणाऱ्या गोदाक्का शिरोळकर यांनी बाईसाहेबांचा शब्द मानिला. अक्का वृद्ध झालेल्या, गाणे सोडून बसलेल्या, परंतु लावणी जैसी त्यांनी ऐकिली आणि गाइली तैसी जाणणारे दुसरे कोणी राहिले नव्हते. बाईसाहेबांनी स्वतः गाडी पाठवून त्यांस आणिले, आणि अक्कांनी पाच-सहा लावण्या गाइल्या. मग त्या ऐकावयास सर्व मंडळी दरबारात बसली, आणि गाणे रंगात येऊन अक्कांचा स्वर वर चढला, तोच जुन्या ॲम्प्लिफायरने एकदा गुरगुर केली, फाट् ऐसा आवाज जाहला, आणि पाठीतून धुराची रेघ निघाली. पंतांनी झडप घालून वायर उपटली, म्हणून मॉनिटर वाचले. अक्का म्हणाल्या, "आगं बया! माझ्या आवाजानं जळलं का काय?" सर्व हसले, पंत हसले नाहीत. त्यांनी यंत्र उघडून पाहिले. आतले वीज साठविणारे कपॅसिटर वयोमानाने फुगून फुटले होते, हे उघड दिसत होते. तरी पंतांचे चित्तात आले की आजच का? अक्का बसल्या असताच का? वीज कोणी चढविली? आणि विजेचा कारभार दिवाणांकडे, हेही त्याच क्षणी चित्तात आले.

बाईसाहेबांनी मसलत बसविली आणि बोलिल्या, "पंत, अक्कांची प्रकृती तोळामासा आहे. पुन्हा गाऊन घ्यावं लागलं तर त्या इथे आहेत तोवर घ्यायला हवं. आणि जे घेतलंय ते खरं कसं आलंय, हे ऐकल्याशिवाय आपण बाहेर पाठवणार नाही. यंत्र लवकर निवडा, आणि चांगलं निवडा." पंत म्हणाले, "लवकर आणि चांगलं, यातलं एक सांगा बाईसाहेब." त्या म्हणाल्या, "दोन्ही." मग दिवाणजींनी चहूकडे फोन फिरविले आणि तीन यंत्रे परीक्षेस आणविली. पहिले यंत्र हलके, चकचकीत, खोक्यावर पाच हजार वॉटचे बळ छापलेले. पंतांनी ते उचलून फिरविले, पाठीवरचा फ्यूज पाहिला तो तीन अँपिअरचा. पंत म्हणाले, "भिंतीतून शिरतंय चमचाभर आणि तोंडातून म्हणे हंडा ओततोय. परत पाठवा." आणि पंतांचे सूत्र ऐसे होते की यंत्राचे अंगी बळ मॉनिटराच्या गरजेहून दुप्पट असावे आणि वापरावे निम्म्याहून कमी. कमी बळाचे यंत्र ताणले की आवाजाचे शेंडे छाटले जातात, आणि त्याचा पहिला घाव ट्वीटरवर बसतो. बाकीची दोन यंत्रे बळाने पुरेशी होती. एक काळे, बुटके, तोंडावर एकच दिवा, रूप म्हणून काही नाही. दुसरे यंत्र घेऊन व्यापारी किरीटशेठ जातीने आले.

किरीटशेठ म्हणजे अत्तर लावून येणारा आणि सर्वांस नावाने हाक मारणारा गृहस्थ. त्यांचे यंत्र दोघांनी धरून जिना चढविले. पुढचे तोंडास निळ्या काचेच्या दोन खिडक्या, आत काटे, आणि गाणे सुरू होताच काटे ऐसे नाचू लागले की बाईसाहेबांचे मुखावर हसू आले. आणि आवाज काय सांगावा! ढोलकीची थाप पोटात उतरली, तुणतुणे तुपात घोळून आले, आणि गोदाक्कांचा स्वर ऐसा की जणू ऐन उमेदीतला. अक्कांनी पदर डोळ्यांस लाविला. पंतांनीही डोळे मिटिले, आणि त्यांचे अंगावर काटा आला. काटा येताच पंत सावध जाहले. चित्तात बोलिले की माझ्या अंगावर काटा आणणारे यंत्र आणि मजला ते इतके आवडावे, पहिल्याच ऐकण्यात? नक्की काही दगा आहे. शेठजींनी विचारिले, "काय पंत, पसंत?" पंत म्हणाले, "फार पसंत आहे. म्हणूनच घेत नाही. आधी परीक्षा." शेठजींस हे उत्तर कळले नाही, ते हसले. मग पंत हात धुवावयास गेले, आणि परत येताना जिन्याच्या वळणावर थबकले. खाली किरीटशेठ आणि जयसिंगराव ऐसे दोघेच उभे. शेठजी दिवाणांचे कानाशी लागून काही बोलत होते, आणि मग त्यांनी खिशातून लहानसे पुडके काढून दिवाणांचे हाती दिले. दिवाणांनी इकडेतिकडे पाहिले आणि पुडके कोटाचे आतले खिशात घातले.  इतक्या वर्षांचा स्नेह एका बाजूस आणि ते पुडके एका बाजूस, आणि पारडे पुडक्याचे बाजूस झुकले.

दुसरे दिवशी परीक्षा ठरली. दोन्ही यंत्रांवर पडदा सोडिला, एकच गाणे एकदा एका यंत्रातून, एकदा दुसऱ्यातून वाजवावे, ऐकणाऱ्यांस कोणते ते कळू नये. पडद्यामागे बटण फिरविण्यास मनुष्य हवा, तो दिवाणच. दोन्ही यंत्रांची आवाज चढउतार करण्याची मूठ घड्याळातल्या बाराचे काट्याप्रमाणे सरळ ठेवावी ऐसी आज्ञा पंतांनी दिली. दिवाण म्हणाले, "काय म्हणालात?" पंत मोठ्याने म्हणाले, "सरळ! बारावर!" आणि चित्तात म्हणाले, ऐकू येऊनही न ऐकल्यासारखे करितो. मग गाणे वाजले, आणि बाईसाहेब, अक्का आणि पंत यांनी प्रत्येक खेपेस आपली पसंती कागदावर लिहिली, आणि पडदा दूर करून पाहतात तो तिघांनीही प्रत्येक खेपेस किरीटशेठचेच यंत्र निवडिले. शेठजींनी हात जोडिले. पंत ताडकन उठले, कपाटातून ध्वनिमापक काढिला, आणि दोन्ही यंत्रे पुन्हा वाजवून पाहतात तो शेठजींचे यंत्र दोन डेसिबलने चढे. इतुका चढा आवाज कानास मोठा म्हणून कळत नाही, फक्त बरा वाटतो. अधिक भरलेला, अधिक जवळचा वाटतो, आणि मनुष्य फसतो. पंतांनी मुठी पाहिल्या. दोन्ही सरळ बारावर. परंतु संशयास वाट नाही ऐसा डोंगर नाही. पंतांनी मनाशी ठरविले की आम्ही उठेपर्यंत मूठ परत जागी आणिली असेल.

मग भर दरबारात पंत बोलिले, "जयसिंगराव, शेठनी काय दिलं?" दिवाण म्हणाले, "काय दिलं म्हणजे?" पंत म्हणाले, "काल जिन्याखाली पुडकं दिलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कोटाच्या आतल्या खिशात घातलंत." ऐकून दिवाणांचे मुख पांढरे पडले. किरीटशेठ काही बोलू गेले, त्यांस दिवाणांनी हात करून थांबविले. आणि म्हणाले, "ते माझं खाजगी आहे." पंत म्हणाले, "खाजगी असेल तर दाखवा आणि मोकळे व्हा." दिवाण म्हणाले, "दाखवणार नाही." बाईसाहेब मध्ये पडल्या, "पंत, तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय ना? पुरावा काय?" पंत म्हणाले, "दोन डेसिबल."  दिवाणांनी एकवार पंतांकडे पाहिले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून बाईसाहेबांसमोर मेजावर ठेविला, मुजरा केला आणि जिना उतरून गेले. गोदाक्का तेवढ्या पुटपुटल्या, "मानूस असा उठून गेला की घर वंगाळ दिसतंया बगा."

बाईसाहेबांनी पंतांस एकांती बोलाविले आणि बजाविले की दिवाणांचा अपराध शाबित करा, नाहीतर आपला शब्द मागे घ्या. पंत म्हणाले, उद्याच शाबित करितो. आणि दुसरे दिवशी दुपारी, मंडळी जेवावयास गेली असता, पंतांनी दरबाराचे दार आतून लाविले. आता दिवाण नाहीत, शेठ नाहीत, पडदा नाही, कोणाचा हात लागावयाचा नाही. दोन्ही मुठी त्यांनी स्वहस्ते बारावर ठेविल्या, परीक्षेचा एकसुरी आवाज सोडिला, आणि मॉनिटराचे पाठीशी जेथे तारा जोडतात तेथे मीटर लाविला. काळ्या यंत्राचा आकडा पाहिला, मग शेठजींचे यंत्राचा. शेठजींचा चढा. पंतांस वाटले तारांत फरक असेल, तारा बदलिल्या. चढाच. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे केले. चढाच. मग परीक्षेचा आवाज अगदी बारीक करून दोन्ही मुठी अखेरपर्यंत उघडिल्या, आणि तरी दोहोंतील अंतर तितुकेच. पंत खुर्चीवर बसले. यंत्रायंत्राचा गेन निराळा असतो, म्हणजे आत आलेला स्वर किती पट वाढवून बाहेर द्यावा हे ज्याचे त्याचे उपजत असते. मूठ सारखी ठेविली म्हणून आवाज सारखा होत नाही. हे पंतांस ठाऊक नव्हते ऐसे नाही. नव्या माणसास पंत हा धडा पहिले आठवड्यातच देत. परंतु पुडके पाहिल्यापासून त्यांचे लक्ष यंत्रावर नव्हतेच, माणसावर होते. कोणी मूठ फिरविली नव्हती, कोणी कट केला नव्हता. यंत्र जन्मतःच मोठ्याने बोलणारे होते.  तरी संशय उरलाच की पुडक्यात काय होते? आणि मग त्यांस आपलीच लाज वाटली की अजूनही आपण हेच विचारतो.

त्याच दिवशी उन्हे कलता पंत दिवाणांचे घरी गेले. दार दिवाणांची पत्नी मालनवहिनी यांनी उघडिले. त्या म्हणाल्या, "या भावजी. चहा टाकते. पण त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोला हं, त्यांनी ते काढून ठेवलंय." पंत म्हणाले, "काय काढून ठेवलंय?" वहिनींनी जीभ चावली आणि स्वयंपाकघरात गेल्या. दिवाण मागील गच्चीवर पाठमोरे बसून कुंड्यांतली माती उकरीत होते. पंतांनी हाक मारिली, "जयसिंगराव." ते वळले नाहीत. पंतांनी दुसऱ्यांदा हाक मारिली. वळले नाहीत. खाली रस्त्यावर भंगारवाला गाडीवर पत्रे वाजवीत चालला होता, त्याकडेही त्यांचे लक्ष नव्हते. तेव्हा पंत जेथे होते तेथे उभे राहिले, आणि त्या सालातल्या सर्व हाका, सर्व "बरं बरं", सर्व "काय म्हणालात" त्यांचे चित्तात ओळीने आले. मग त्यांनी पुढे होऊन दिवाणांचे खांद्यावर हात ठेविला.

दिवाण दचकले, आणि पंतांचे मुख पाहून त्यांस सर्व कळले. खिशातून त्यांनी डबी काढिली, आणि डबीतून बोटाचे पेराएवढे यंत्र काढून कानात बसविले. आणि म्हणाले, "हं, बोला आता. हे शेठनी दिलं. त्यांचा भाऊ कानाच्या यंत्रांचा व्यापार करतो. गावातल्या दुकानात गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत तुमच्या दरबारात बातमी आली असती." पंत म्हणाले, "अहो, पण मला सांगायचं होतं." दिवाण म्हणाले, "काय सांगू? कानांच्या राज्यातला दिवाण बहिरा झाला, हे सांगू? तुम्ही पडद्यामागं बसवलंत मला. बटण फिरवत होतो, पण यातलं कुठलं चढं आणि कुठलं उतरतं, देवाशप्पथ मला काही कळत नव्हतं. आकड्याला आकडा लावून मूठ ठेवली." मग तळहातावर डबी फिरवीत म्हणाले, "हेही ॲम्प्लिफायरच की हो. दोन तऱ्हेची दाखवली होती शेठनी. कुठलं घ्यावं ते तुम्हालाच विचारणार होतो मी." पंत म्हणाले, "मग विचारलं का नाहीत?" दिवाण म्हणाले, "तुम्ही विचारलंत का मला? एकट्याला बाजूला घेऊन? यंत्र परत परत तपासलंत. माझा मात्र एका पुडक्यावर निकाल लावलात."  वहिनींनी चहा आणून ठेविला तो निवून गेला. शेवटी दिवाण म्हणाले, "दरबारात बोललात, ते दरबारातच मागं घ्या. कारण मात्र सांगायचं नाही. कान माझे आहेत."

दुसरे दिवशी दरबार भरला. किरीटशेठ आपले यंत्र न्यावयास आले होते तेही होते. पंत उभे राहून म्हणाले, "जयसिंगरावांवर मी जो आळ घेतला तो खोटा. मूठ कोणी फिरवली नव्हती. दोन यंत्रांचा गेन निराळा होता, तो मी पाहायला हवा होता. चूक माझी. शेठ, तुमचीही माफी मागतो." शेठ म्हणाले, "म्हणजे मी लाच दिली, असंच ठरलं होतं की! आणि मी इथं चहा पीत होतो!" बाईसाहेबांनी विचारिले, "मग त्या पुडक्यात काय होतं?" पंत म्हणाले, "ते मला ठाऊक आहे, आणि मी सांगणार नाही." शेठजींनीही मान हलवून नकार दिला, कारण दिवाणांस त्यांनी तैसा शब्द दिला होता. ऐकून बाईसाहेबांचे कपाळास आठी पडली. परवा जो मनुष्य ओरडून आळ घेत होता तो आज तोंड मिटून बसतो, याचा अर्थ काय? चहाचे ठिकाणी कुजबुज उठली की पंतांसही वाटा पोचला असावा. पंत खोलीत शिरत तो बोलणे बंद पडे. बाईसाहेब पंतांचा शब्द घेऊन तोच शब्द दुसऱ्यास विचारून पाहत. आजवर पंतांनी पुष्कळांकडे ऐसे पाहिले होते, परंतु ऐसे पाहिले गेलेले त्यांस ठाऊक नव्हते. एकदा कारण जिभेचे टोकावर आले, आणि त्यांनी ते गिळिले.

तरी काम थांबविता येईना, म्हणून पंतांनी शेठजींस विनवून त्यांचे यंत्र ठेवून घेतले आणि पुन्हा परीक्षा मांडिली, आणि आपल्यावर वहीम आहे हे जाणून बटण बाईसाहेबांचेच हाती दिले. आधी मीटर लावून दोन्ही यंत्रांचा आवाज तंतोतंत सारखा केला, आणि तो आकडा सर्वांस दाखविला. पडदा सोडिला, गाणे वाजले. आणि मोठे नवल जाहले. आधी ज्यात आकाशपाताळाचे अंतर वाटले ती दोन यंत्रे आज बहिणी-बहिणी भासू लागली. अंतर कमी होऊन जे उरले तेच खरे होते. एका यंत्रात ढोलकीचे पोट किंचित सुटलेले, आणि गाणे थांबले की पाठीमागे बारीक सूं सूं. अक्कांचा स्वर वर जाताना काठ मऊ होई, जणू कोणी त्यावर हात फिरवावा. दुसऱ्यात गाणे थांबले की सर्वच थांबे, आणि अक्कांचा श्वास, लुगड्याची सळसळ, आणि वरच्या स्वरावर आवाजास गेलेला तडा हे सर्व जैसेच्या तैसे उभे राही. पंतांनी प्रत्येक खेपेस दुसरे निवडिले. पडदा दूर केला, ते काळे बुटके यंत्र. बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, परवा तुम्ही शेठचं निवडलंत, आज हे. मी कोणत्या दिवसावर विश्वास ठेवू?" हा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता, हे पंतांस कळले.

इतक्यात जिन्यावर पावले वाजली आणि जयसिंगराव आत आले. मालनवहिनींस बाजारात कुजबुज कळली होती, ती त्यांनी घरी सांगितली होती. दिवाणांचे कानात यंत्र उघड बसविलेले होते, झाकण्यास त्यांनी टोपीही घातली नव्हती. त्यांनी बाईसाहेबांस मुजरा केला आणि म्हणाले, "पुडक्यात हे होतं. मला वर्षभर कमी ऐकू येतंय. पंतांना मीच बोलू दिलं नाही." बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या.  मग गोदाक्कांनी शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाल्या, "हितं या दिवाणजी, माज्या डाव्या अंगाला बसा. माजा बी डावा कान गेलाय कवाच. लोकं काय म्हन्त्यात ते एका कानानं ऐकलं तरी पुरं होतंय." दरबार हसला. बाईसाहेबांनी मेजाचे खणातून किल्ल्यांचा जुडगा काढून दिवाणांसमोर ठेविला. दिवाणांनी तो पुष्कळ वेळ उचलिला नाही. पंत म्हणाले, "उचला हो." दिवाण त्यांजकडे न पाहता म्हणाले, "उचलतो. बाईसाहेबांसाठी." आणि उचलिला.

मग काळे यंत्र मॉनिटरांस जोडिले आणि अक्कांची लावणी पहिल्यापासून लाविली. वरचा स्वर आला, आणि तेथे आवाज फाटला तो ऐसा स्पष्ट ऐकू आला की बाईसाहेबांनी पंतांकडे पाहिले. पंत हळूच म्हणाले, "अक्का, ही एवढी जागा झाकता येईल. हवं तर परत गाऊन घेऊ."  अक्कांनी ती जागा पुन्हा लावावयास सांगितली, आणि पुन्हा एकदा. मग म्हणाल्या, "परवाच्या त्या निळ्या पेटीत मी कशी तरनी वाटत हुते! मला बी गोड लागलं हुतं, खोटं का बोलू? पर त्या वयात मी ही लावनी अशी गातच नव्हते वो. तवा मला तिचा अर्थच लागला नव्हता. ऱ्हाऊ द्या तसंच. फाटलंय तिथं शिवू नका." आणि त्या लावणीवर कोणीही हात फिरविला नाही, जैसी गाइली तैसीच ती राज्याबाहेर गेली.

येणेंप्रमाणे मसलत सिद्धीस गेली. काळे यंत्र दरबारात कायम जाहले. निळ्या खिडक्यांचे यंत्र किरीटशेठांनी एका मंगल कार्यालयास विकिले, आणि तेथे ते फार शोभले, कारण लग्नात खरे ऐकावयाचे कोणास असते? अक्कांच्या लावण्या गावोगावी वाजल्या. दिवाण दिवाणीवर राहिले, परंतु पंतांशी पूर्वीचा मोकळेपणा येण्यास बहुत काळ लागला, आणि तितुका काळ पंतांनी तो मागितला नाही. पंतांचा संशयी स्वभाव गेला ऐसे लिहिले तर खोटे होईल. दूधवाल्याकडे ते अजूनही तिरकेच पाहतात. इतकेच, की माणसाविषयी शंका आली तर आता त्याजजवळ जाऊन बसतात आणि विचारितात, आणि उत्तर नीट ऐकू यावे म्हणून थोडे पुढे वाकतात. इति.